पात्यांची रेष

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला
आप्पालाल शिकलगार लेथवर
उसाच्या चरकाचे बुश कातायचे
आणि कान देऊन ऐकायचे.
मायक्रोमीटर नंतर. आधी कान.
आज्ज्यानं तलवारींना धार लावली, बानं कात्र्यांना.
"आणि मी पात्यांना," म्हणायचे,
"पण धार न्हाई लावली गा. नुसता माग काढला."

एमआय-फोर. नाकात चौदा सिलिंडरचं इंजिन,
त्याच्या डोक्यावर पायलट,
ट्रॅक्टरच्या बॉनेटवर
खुर्ची मांडून बसावं तसा.
वरचा पंखा एकीकडं, धड दुसरीकडं वळायला बघतं,
शेपटीचा बारका पंखा धडाला धरून ठेवतो.
"घरचं पत्र आलं की माझंबी तसंच व्हायचं.
शेपूट बळकट पायजे."
पात्यांना पोलादी कणा, वर लाकूड, वर कापड.
दमट हवेत लाकूड पाणी पितं,
एक पातं जड, एक हलकं,
आणि सगळं यंत्र हिवताप आल्यागत थरथरतं.

मग खडू घ्यायचा.
चार टोकांना चार रंग:
तांबडा, निळा, पिवळा, हिरवा.
इंजिन सुरू. काठीला ताणून बांधलेलं कापड
हळूहळू, अगदी हळूहळू
फिरत्या टोकांजवळ न्यायचं.
"ढकलायचं न्हाई. पातं आपणहून येतंय.
कढत पाण्याला बोट लावतो तसं टेकू द्यायचं."
फट्.
कापडावर चार खुणा, एकीखाली एक.
वर उडणारं कोण, खाली राहणारं कोण,
रांग मोडणारं पोर मास्तरला सापडावं तसं.
खुणा एकावर एक येईस्तवर
काठी धरणाऱ्यानं श्वास सोडायचा नाही.

डोंगरातली गोष्ट त्यांनी मला किलोतच सांगितली.
हवा पातळ. इंजिन दमेकरी.
दारं काढली, बाकडी काढली, हत्यारांची पेटी उतरवली.
पायलट, आप्पालाल, आणि जखमी चार.
पायलटनं बोटं दाखवली: तीन.
"चौथा कुठला होता?"
"इचारलं न्हाई. अठ्ठेचाळीस किलो असंल. पोरगंच."
"मग?"
"मी छप्पन्न."
एवढंच. पुन्हा लेथचा पट्टा चढवला.
बर्फात ते किती रात्री थांबले
हे चाचींनी सांगितलं, त्यांच्या माघारी,
आणि चाचींचा आकडा दर खेपेला वेगळा.

पंचगंगा सुतारवाड्यात शिरली त्या वर्षी
आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर,
सतरंज्या, बिस्किटांचे पुडे, कुणाची तरी शेळी.
ढगाआडून आवाज आला.
पोरं मोबाईल उंचावत गच्चीकडं पळाली.
आप्पालाल उठले नाहीत. डोळे मिटले,
हनुवटी किंचित कलली, बुश ऐकताना कलायची तशी.
"टर्बाइन हाय. सुखी जीव."
आणि मग, आवाज जाऊन बराच वेळ झाल्यावर:
"रिकामं गेलं. शिरोळकडं. तिथं भरंल."

पाणी उतरलं तेव्हा घराचं दार खांद्यानं ढकलावं लागलं.
चिखल पोटरीभर. पत्र्याची ट्रंक पालथी.
तिच्यात ते कापड,
जे त्यांनी मला एकदाच दाखवलं होतं,
सगळ्यात वर निळी खूण, बोटभर खाली तांबडी.
आता चारी रंग विरघळून
एकच मातकट डाग.
मी काही बोललो नाही.
त्यांनी ते दोन्ही हातांत ताणून उजेडाकडं धरलं.
"बसलं बघ एका रेषेत," म्हणाले,
आणि त्यानंच
ट्रंकेचं झाकण पुसायला घेतलं.